तिसऱ्यांदा विचारलंच नाही

डेलिया टार्पी माझ्या दुकानात यायची तेव्हा दार अर्धंच उघडायची. पूर्ण उघडलं तर थंडी आत येईल म्हणून. मग तिरकी होऊन, पिशवी पोटाशी धरून आत सरकायची आणि रांगेत कुणी नसलं तरी रांग असल्यासारखी लांब उभी राहायची. मी ओरडायचे, "अगं बाई, पुढे ये की! तुझ्यापुढे काय भुतं उभी आहेत?" तर म्हणायची, "तुझं चालू दे अट्रॅक्टा, मला कुठे घाई आहे." माझं काय डोंबल चालू असायचं? मी आपली बटाट्याच्या गोणीवर बसून पेपर वाचत असायचे.

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. आयर्लंडमधल्या आमच्या क्लूनफार्ना गावातला पेट्रोलपंप माझा, दुकान माझं, दुकानातली पोस्टाची खिडकी माझी, त्यामुळे लोक माझं ऐकून घेतात. नाही घेतलं तर दुसरा पंप चौदा मैलांवर आहे. पण सांगायचं आहे ते माझ्याबद्दल नाही, डेलियाबद्दल.

डेलियाने तीस वर्षं फादरांच्या घरी स्वयंपाक केला. तीन फादर तिच्या हातचं खाऊन गोल झाले, त्यातले दोघे तिथेच वारले. मग बिशपांकडे माणसंच उरली नाहीत, आमच्या वाट्याला शेजारच्या गावाबरोबर मिळून एक फादर आला आणि डेलियाची नोकरी गेली. हात मात्र थांबले नाहीत. गावात कुणी गेलं की अंत्यविधीनंतर हॉलमध्ये चहा, हॅमची सँडविचेस आणि फ्रुटकेक डेलियाचा. दीडशे माणूस जेवून जायचं आणि ही खांबाला टेकून उभी. "तू घे की गं काहीतरी." "नको गं, माझं झालं." कधी झालं? कुणी बघितलं? देवालाच ठाऊक.

आता आमच्याकडे 'नको' म्हणजे काय हे ज्याला कळत नाही, त्याने इथे राहू नये. पहिलं 'नको' रीतीचं. दुसरं 'नको' समोरच्याला खरंच द्यायचं आहे का, हे बघायला. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस म्हणतो, "बरं, तू एवढा आग्रह करतेसच तर अर्धा कप," आणि मग तीन कप पितो. पहिल्याच खेपेला 'हो' म्हणणारा एक तर अमेरिकेहून आलेला असतो, नाहीतर त्याच्या आईने त्याला काही वळण लावलेलं नसतं. मी स्वतः पहिल्याच खेपेला हो म्हणते, पण माझ्या वळणाबद्दल गावाच्या कधीच फारशा आशा नव्हत्या.

तर डेलिया सदुसष्टची झाली, त्या वर्षी तिच्या डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली. ती राहायची ते घर कॅसर्ली कुटुंबाचं. म्हातारा कॅसर्ली होता तोवर भाडं नावापुरतं होतं. तो गेला, घर मँचेस्टरच्या पुतण्याकडे आलं आणि पुतण्याने कळवलं की ऑगस्टअखेर घर रिकामं करून द्या, आता ते सुट्टीत येणाऱ्या प्रवाशांना द्यायचं आहे. तो काही राक्षस नव्हता. दर नाताळला डेलियाला चॉकलेटचा डबा पाठवायचा. पण चॉकलेटच्या डब्यात राहता येत नाही ना!

गावात दुसरं भाड्याचं घर नव्हतंच. होती ती सगळी प्रवाशांसाठी, नाहीतर पडकी. डेलियाला जागा होती ती एकच, इंग्लंडात लीड्सला चुलतबहिणीकडे, जिन्याखालची खोली. डेलिया आणि लीड्समध्ये! शेजारच्या गावात लग्नाला गेली तरी तिला रात्री झोप लागत नाही. ती खोली बघायला ती जाऊन आली, आणि आल्यावर फक्त एवढं म्हणाली, "बरी आहे खोली. फक्त खिडकी नाही." त्या दिवशी मी दुकान बंद करून मागे जाऊन रडले. रागाने रडले, ते वेगळं.

आणि गंमत बघा, शाळेमागच्या शेतात कौन्सिलने सहा नवी घरं बांधून ठेवली होती. पांढऱ्या भिंती, निळी दारं. दोन वर्षं तशीच रिकामी. का? तर म्हणे पाणी नाही. रस्त्यातल्या नळापासून घरांपर्यंतचा पाइप कौन्सिल म्हणे पाणी कंपनीने टाकायचा, कंपनी म्हणे कौन्सिलने. आयर्लंडमध्ये पाणी नाही! अहो, बारा महिने आभाळ गळतं, आमच्या गुरांना पोहता येतं, आणि घराला पाणी नाही! त्याच वर्षी सरकारने पाणीपट्टी लावली आणि सगळा देश पेटला. आमच्या गावात मोर्चाच्या पुढे ह्युबर्ट लॉफ्टस. फलक हातात, घसा बसलेला. ह्युबर्टच्या अंगणात स्वतःची विहीर. त्याला बिल येणारच नव्हतं. मी म्हटलं, "ह्युबर्ट, तू कशाला ओरडतोस?" तर म्हणाला, "तत्त्वासाठी! आणि घरी बसून तरी काय करू?"

शेवटी मे महिन्यात पाइप एकदाचा पडला. घरं वाटली जाऊ लागली. एक, दोन, तीन, पाच कुटुंबं राहायला आली, लहान मुलांच्या सायकली दारात दिसू लागल्या, शाळेच्या बाई खूश झाल्या. सहावं घर रिकामं. आणि डेलिया, जिचं नाव कौन्सिलच्या यादीत वरती, ती कॅसर्लीच्याच घरात. मी विचारलं, "काही कळलं का गं कौन्सिलकडून?" म्हणाली, "होईल गं काहीतरी." मला वाटलं, बिचारीला विचारलंसुद्धा नाही मेल्यांनी.

मग मी आमच्या खासदाराला धरलं. उल्टन गिल्डिया शनिवारी सकाळी माझ्या दुकानामागच्या कोठीत बसतो. लोक येतात, तक्रारी सांगतात, तो मान हलवतो. गावात एकही अंत्ययात्रा त्याने चुकवलेली नाही. कुणी नुसतं आजारी पडलं तरी घरच्यांना भीती वाटते की उल्टन येऊन बाहेर उभा असेल. मी त्याच्यापुढे चहा आदळला आणि म्हटलं, "हे बघ उल्टन, डेलियाने तुझ्या आईच्या, बापाच्या आणि मावशीच्या मयताला चहा केला. तिला घर मिळवून दे, नाहीतर पुढच्या निवडणुकीत या कोठीत तुला उंदीरसुद्धा मत देणार नाही."

"मी विचारलं गं कौन्सिलला," तो म्हणाला. "ते म्हणतात, एका माणसाची खासगी माहिती दुसऱ्याला देता येत नाही."

"मग?"

"मग काय, संसदेत विचारतो. बुधवारी चर्चा आहे. पाणीपट्टी, घरांची टंचाई, ग्रामीण विकास, सगळं एकत्र. तिथे मंत्र्याला उत्तर द्यावंच लागेल."

मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी चहाचे पैसे घेतले नाहीत.

बुधवारी दुपारी अख्खं गाव माझ्या दुकानात. टीव्ही मी सँडविचच्या काउंटरवर ठेवला. डेलिया अर्थात चहा करत होती. तिला सांगितलं, "बस ना, तुझ्याबद्दल चाललंय," तर कानापर्यंत लाल झाली आणि आणखी कप धुवायला लागली. संसदेत बाकं बहुतेक रिकामी. उल्टनच्या मागे एक सभासद फोनवर बोटं फिरवत होता, त्याच्या पलीकडचा सरळ झोपला होता. ह्युबर्ट म्हणाला, "ते बघा, आपल्या पाणीपट्टीच्या पैशाची गादी!"

उल्टन उठला. मी त्याला कधीच एवढा चांगला बोलताना ऐकलं नव्हतं. मयताला तो दोनच वाक्यं बोलतो, म्हणून असेल. तो म्हणाला, "सभापती महोदय, पाण्याचं बिल पाठवायला सरकारला एक महिना लागतो आणि पाण्याचा पाइप टाकायला दोन वर्षं!" दुकानात टाळ्या. म्हणाला, "गावागावातलं पोस्ट बंद करता, बस बंद करता, आणि मग ग्रामीण विकासाचा अहवाल छापता, तो पोहोचवायला पोस्टमन तरी ठेवा!" मी उठून उभी राहिले. आणि मग त्याचा आवाज खाली आला. म्हणाला, "माझ्या मतदारसंघात सदुसष्ट वर्षांची एक बाई आहे. आयुष्यभर तिने दुसऱ्यांना खाऊ घातलं. ऑगस्टअखेर ती रस्त्यावर येईल. तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक नवं घर रिकामं आहे. मंत्रिमहोदय, ते घर कुणासाठी राखून ठेवलंय?"

बायका डोळे पुसत होत्या. ह्युबर्टनेही नाक शिंकरलं.

मंत्री उठल्या. शांत बाई. चष्मा लावला, समोरचा कागद बघितला. "सन्माननीय सदस्यांनी ज्या घराबद्दल विचारलं," त्या म्हणाल्या, "ते घर संबंधित बाईंना जूनमध्येच देऊ केलं होतं. त्यांनी नको म्हणून सांगितलं. 'नक्की ना?' म्हणून पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा नको म्हटलं. आहे तिथे मी मजेत आहे, असं त्या म्हणाल्या. सन्माननीय सदस्यांनी इथे यायच्या आधी एकदा त्या बाईंना विचारलं असतं, तर सभागृहाचा वेळ वाचला असता."

संसद हसली. झोपलेला तो सभासद हसण्याने जागा झाला आणि न कळताच हसायला लागला. उल्टनची मान बिटासारखी लाल. दात घशात गेले बिचाऱ्याचे.

आमच्या दुकानात सगळ्यांच्या माना वळल्या. डेलिया किटली धरून उभी होती.

"डेलिया," मी म्हटलं, "हे खरं आहे?"

"चहा गार होतोय," ती म्हणाली.

"डेलिया!"

तिने किटली खाली ठेवली. "एक मुलगी आली होती. साइव्ह नाव तिचं. गोड होती गं. बूट चिंब झाले होते बिचारीचे. म्हणाली, नव्या ओळीतलं एक घर तुम्हाला देता येईल, हवं का? मी म्हटलं, अगं नको, माझं काय एकटीचं, ज्याला गरज आहे त्याला द्या."

"आणि तुला नव्हती गरज?"

"पहिल्याच खेपेला हो कसं म्हणायचं, अट्रॅक्टा? घर आहे ते. आपण बिस्किटालासुद्धा म्हणत नाही." तिने आजूबाजूला बघितलं, आणि कुणी म्हणजे कुणी मान हलवून 'नाही' म्हणालं नाही. "मग ती म्हणाली, नक्की ना? मी म्हटलं, हो गं, मी मजेत आहे. आणि थांबले."

"कशासाठी थांबलीस?"

"तिसऱ्यांदा विचारेल म्हणून. तर ती उठली, हात मिळवला आणि गेली." डेलियाचा आवाज बारीक झाला. "शहरातली होती. डब्लिनची."

"डब्लिनची!" सगळं दुकान एकदम म्हणालं. ह्युबर्टने डोक्यावरची टोपी काढली.

"परत येईल असं वाटत होतं," डेलिया म्हणाली. "केक करून ठेवला होता तिच्यासाठी. दोनदा शिळा झाला. मग मीच कोंबड्यांना घातला."

मी डोक्याला हात लावला. जूनपासून! जूनपासून ही बाई खिडकीशी बसून तिसऱ्या विचारण्याची वाट बघत होती, आणि गावात कुणाला बोलली नाही, कारण बोलली असती तर ते मागितल्यासारखं झालं असतं. मला तिची इतकी दया आली आणि इतका संताप आला की दोन्ही एकदम कसं करायचं ते कळेना, म्हणून मी ह्युबर्टवर ओरडले.

थोड्या वेळाने उल्टनचा फोन. "अट्रॅक्टा! सगळ्या देशासमोर माझी शोभा झाली!"

"तुझी शोभा गेली खड्ड्यात! तिचं घर चाललंय त्याचं बोल."

उल्टनचं एक आहे, राग धरून बसत नाही. मतदार असतात शेवटी. दुसऱ्या दिवशी त्याने कळवलं की कौन्सिलने ऐकलंय. पुढच्या गुरुवारी साइव्ह येईल, डेलियाला एकदा विचारेल. एकदाच. नाही म्हणाली तर त्याच दिवशी घर दुसऱ्या माणसाला. "तिला नीट समजाव," तो म्हणाला. "फक्त 'हो' म्हणायचंय. दोन वर्षांचं पोरसुद्धा म्हणतं."

"दोन वर्षांचं पोर म्हणतं," मी म्हटलं. "मग त्याची आई त्याला रट्टा देते आणि ते शिकतं."

आणि त्या आठवड्यात गावाने डेलियाला 'हो' म्हणायला शिकवलं. मी स्वतः रोज सकाळी, गोड पावासारखा स्कोन पुढे करून. "डेलिया, स्कोन खातेस?" "नको गं, आत्ताच..." "चूक! पुन्हा. स्कोन खातेस?" "तुला पुरतील ना?" "माझं दुकान आहे, बाई! पुरवठा सोड! हो की नाही?" घाम फुटायचा तिला. मी म्हणायचे, "अगं, भीड भिकेची बहीण. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. तू तर पाजायला आलेलीला परत पाठवलंस!" सोमवारी ती डोळे मिटून अर्ध्या स्कोनला 'हो' म्हणाली. मी घंटा वाजवली. पोस्टाच्या खिडकीची.

रस्त्यात लोक अडवायला लागले. "डेलिया, बटाटे देऊ?" "डेलिया, कुत्र्याचं पिल्लू घेतेस?" पिल्लू घ्यायचं नव्हतं, पण सरावाला म्हणून 'हो' म्हणाली आणि दोन दिवस ते तिच्याकडेच होतं. ह्युबर्टने ट्रॅक्टर थांबवला, "बसतेस?" ती म्हणाली, "हो!" आणि चढली. ह्युबर्ट गुरांच्या बाजाराला चालला होता. तिला जायचं होतं चर्चला, अगदी उलट दिशेला. पण एकदा हो म्हटल्यावर 'नाही, तिकडे नको' म्हणणं जमेना. दुपारभर बाजारात गुरं बघत बसली. संध्याकाळी परतली तेव्हा अंगाला शेणाचा वास आणि चेहरा खुललेला. म्हणाली, "छान होतं गं! मी कधी गेलेच नव्हते."

पण बुधवारी, शेवटचा दिवस म्हणून, मी खरंखुरं विचारायचं ठरवलं. दुकान रिकामं होतं. मी साइव्हसारखी खुर्चीत ताठ बसले आणि म्हटलं, "मिस टार्पी, तुम्हाला हे घर हवं का?"

ती उभी. तोंड उघडलं, मिटलं. "ज्याला गरज आहे..." ती म्हणाली.

माझा तोल सुटला. "अगं, हे तुझं 'नको' तुला लीड्सला घेऊन जाणार आहे! जिन्याखाली! खिडकी नसलेल्या खोलीत मरशील, आणि तिथे कुणी चहा घेतेस का म्हणून विचारलं तर तेव्हाही नको म्हणशील!"

ती दचकली नाही. पिशवी काउंटरवर ठेवली. "कोलमन हेनेघनने मला विचारलं होतं," ती म्हणाली.

"काय विचारलं होतं?"

"लग्नाचं. तरुण होते मी तेव्हा. डान्स हॉलच्या बाहेर, सायकली ठेवायचे तिथे. मी म्हटलं, नको रे, आई एकटी पडेल. पुढच्या रविवारी त्याने परत विचारलं. मी परत नको म्हटलं. मग तिसऱ्या रविवारी मी नवा ब्लाउज घालून गेले. पांढरा होता, बाह्यांना लेस. मीच शिवला होता." ती काउंटरवरचा साखरेचा कण बोटाने टिपत होती. "तो बॉस्टनला गेला होता. तिसऱ्यांदा विचारलंच नाही."

"पण तो तर इथलाच ना? त्याला रीत माहीत होती!"

"माहीत होती," ती म्हणाली. "पण त्याला वाटलं असेल, हिला खरंच नकोय."

एवढी वर्षं मी तिला ओळखते आणि मला हे माहीत नव्हतं. मी काउंटरच्या बाहेर आले आणि तिला मिठी मारली. तिने दोनदा "असू दे गं" म्हटलं, तरी मी तिला सोडलं नाही.

गुरुवारी पाऊस. साइव्ह आली ती पुन्हा भिजलेले बूट घेऊन. या मुलीला कुणी रबरी बूट का घेऊन देत नाही कोण जाणे. मी मुद्दाम भेट दुकानात ठेवली होती, कारण घरी एकटी असताना डेलिया काय बोलेल याचा भरवसा नव्हता. त्यामुळे दुकानात फार गर्दी, आणि सगळे खरेदीला आलेले. ह्युबर्ट मांजराच्या खाण्याचा डबा हातात घेऊन मन लावून वाचत होता. त्याच्याकडे मांजर नाही.

डेलिया आली, दार अर्धं उघडून. चांगला कोट, केसांना पिन. हातात केक. साइव्हसमोर बसली आणि सवयीने म्हणाली, "केक खातेस का, बाळा?"

"हो, द्या की!" साइव्ह म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नाही. तुम्ही आत आलात तेव्हापासून वासच घेतेय मी."

सगळं दुकान थबकलं. पहिल्याच खेपेला! डेलिया तिच्याकडे बघत राहिली. मग तिने केक कापला, मोठा तुकडा, आणि पुढे सारला. साइव्ह खाऊ लागली. मनुका बोटाला चिकटल्या त्या चाटल्या, डोळे मिटले, म्हणाली, "अहाहा! अजून एक घेऊ?" आणि विचारून घेतलाही. डेलियाचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. आयुष्यभर तिने लोकांना खाऊ घातलं, पण दर वेळी आधी तीनदा विनवण्या करून. इथे एक पोरगी आली आणि सरळ मागून घेतलं, आणि त्यात तिचं काहीच कमी झालं नाही, उलट डेलियाच खूश.

साइव्हने हात पुसले. "बरं, मिस टार्पी," ती म्हणाली. "मला एकदाच विचारायची परवानगी आहे. सहाव्या नंबरचं घर तुम्हाला हवं आहे का?"

ह्युबर्टच्या हातातला डबा हलायचा थांबला. मी काउंटरखाली माझ्या स्वतःच्या बोटांना चिमटा काढत होते. आम्ही सगळे तोंडातल्या तोंडात 'हो' म्हणत होतो.

डेलियाने आमच्याकडे बघितलं नाही. तिने खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "मला हवंय."

हे आम्ही शिकवलेलं नव्हतं.

"मला ते घर हवंय," ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने. "फार हवंय. मला लीड्सला जायचं नाही. मला इथेच राहायचंय आणि इथेच मरायचंय. दुसऱ्या कुणाला देऊ नका ते. मला खिडकीतून रस्ता दिसायला हवा. मागे कपडे वाळत घालायला दोरी हवी. कोंबड्या आणायच्या आहेत मला. आणि तो निळा दरवाजा मला मुळीच आवडत नाही, पिवळा हवा. चालेल का पिवळा?"

"चालेल," साइव्ह म्हणाली. तिला लिहायला वेळच मिळत नव्हता. "पण पाण्याचं बिल मात्र तुमच्या नावाने येईल, मिस टार्पी. ते तुम्हाला..."

"भरू नकोस!" ह्युबर्ट डब्यामागून ओरडला.

"तू गप्प बस, ह्युबर्ट!" डेलिया म्हणाली. "नळ माझा, बिल माझं. भरायचं की नाही ते मी बघेन."

सदुसष्ट वर्षांत तिने कुणाला गप्प बस म्हटलेलं नव्हतं. ह्युबर्ट इतका घाबरला की मांजराच्या खाण्याचे पैसे देऊन गेला.

साइव्हने किल्ली टेबलावर ठेवली. डेलियाने ती लगेच उचलली, आधी कोटाच्या खिशात टाकली, मग काढून पुन्हा हातात धरली. लोक तिच्याभोवती गोळा झाले, कुणी पाठ थोपटली, कुणी उल्टनला फोन लावला, म्हणजे त्याला पुढच्या भाषणात हे आपणच केलं म्हणून सांगता येईल. साइव्ह निघाली तेव्हा डेलियाने उरलेला केक तिच्यापुढे धरला. तिने पहिल्याच खेपेला घेतला, पण एक तुकडा डेलियासाठी म्हणून काढून ठेवला.

दुकान रिकामं झालं. डेलिया खुर्चीतच बसून होती, किल्ली मुठीत. मी चहा करायला लागले. पाठमोरी होते, म्हणून तिचा चेहरा मला दिसला नाही.

"अट्रॅक्टा," ती म्हणाली, "इतकं सोपं होतं होय गं?"

ती घराबद्दल बोलत नव्हती, एवढं मला कळलं. मी कप भरला, दूध घातलं, साखर ढवळत बसले, डोळे कोरडे होईपर्यंत. मग साइव्हने ठेवलेला तुकडा बशीत घेतला, आणि शेजारी माझ्या दुकानातला, कालचा, जरा कडक झालेला एक तुकडा ठेवला, आणि दोन्ही तिच्यापुढे नेले. "घे," मी म्हटलं. "कुठला देऊ?"

"माझा," डेलिया म्हणाली. "तुझा नको. तुझा कधीच चांगला होत नाही."

आणि तिने तो तुकडा उचलला आणि सगळा खाल्ला.